माणदेशी तरंग वाहिनी : एका स्थानिक रेडिओ केंद्राचा इतिहास आणि बोलीचा प्रश्न

उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपल्याला –
• भारतातील नभोवाणीच्या वाटचालीत स्थानिक व सामुदायिक रेडिओचे स्थान सांगता येईल.
• म्हसवड येथील 'माणदेशी तरंग वाहिनी'च्या स्थापनेमागील सामाजिक कारणे स्पष्ट करता येतील.
• मुद्रित भाषा व श्राव्य भाषा यांतील भेद उदाहरणांसह मांडता येईल.
• प्रमाण मराठी आणि बोली यांच्या संबंधाचा विचार माध्यमाच्या संदर्भात करता येईल.
• स्थानिक रेडिओच्या मर्यादांची चिकित्सा करता येईल.

१. प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, भाषेचा अभ्यास करताना आपण बहुधा लिखित भाषेचा आधार घेतो. ग्रंथ, वृत्तपत्रे, पत्रव्यवहार, शिलालेख ही आपली नेहमीची साधने. बोलल्या गेलेल्या भाषेचा शोध घ्यायचा तर मात्र ती कोठे, कोणाच्या तोंडून आणि कोणासाठी बोलली गेली, हे पाहावे लागते. रेडिओ हे असे माध्यम आहे की, ज्यात भाषेला केवळ आवाजाचेच अस्तित्व असते. म्हणून एखाद्या रेडिओ केंद्राचा इतिहास हा त्या प्रदेशातील भाषेच्या इतिहासाचाही एक भाग ठरतो.

प्रस्तुत घटकात आपण सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यातल्या म्हसवड या गावी २००८ साली सुरू झालेल्या 'माणदेशी तरंग वाहिनी' या केंद्राचा परिचय करून घेणार आहोत. ९०.४ मेगाहर्ट्झ या कंपनसंख्येवर ऐकू येणारे हे केंद्र आकाराने लहान आहे. परंतु त्याच्या निमित्ताने एक मोठा प्रश्न विचारता येतो. शाळेत जी मराठी 'अशुद्ध' ठरवली जाते, ती प्रक्षेपणास योग्य कधी आणि कशी ठरली? या प्रश्नाचे उत्तर मिळवण्यासाठी आधी ध्वनिलहरींवर कोणाचा अधिकार होता, हे पाहणे आवश्यक आहे.

२. पार्श्वभूमी : मुंबईहून गावाकडे येणारा आवाज

भारतात संघटित स्वरूपाचे प्रक्षेपण 'इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी'च्या मुंबई केंद्राने जुलै १९२७ मध्ये सुरू केले. ही खासगी कंपनी फार काळ टिकली नाही. पुढे सरकारने हे काम हाती घेतले आणि १९३६ मध्ये त्याला 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मिळाले. स्वातंत्र्यानंतर केंद्रांची संख्या वाढत गेली. मराठी भाषक प्रदेशात १९४८ मध्ये नागपूर, २ ऑक्टोबर १९५३ रोजी पुणे आणि १९६३ मध्ये सांगली येथे केंद्रे सुरू झाली.

या केंद्रांनी मराठी समाजाला जे दिले, त्याचे मोल मोठे आहे. पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर प्रसारित झालेले 'गीतरामायण' हे त्याचे सर्वज्ञात उदाहरण होय. ग. दि. माडगूळकरांची रचना आणि सुधीर फडके यांचे संगीत यांचा हा उपक्रम. त्याच सुमारास ग. दि. माडगूळकरांचे धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकर हे पुणे केंद्राच्या ग्रामीण कार्यक्रम विभागात दाखल झाले आणि पुढे अनेक वर्षे तेथे कार्यरत राहिले. त्यांची 'माणदेशी माणसं' १९४९ मध्ये, तर 'बनगरवाडी' १९५५ मध्ये प्रकाशित झाली. आपल्या विषयाच्या दृष्टीने ही बाब लक्षणीय आहे. माणदेशाच्या भाषेचा ज्यांना उत्तम कान होता, असे हे लेखक आकाशवाणीवर होते. पण त्यासाठी त्यांना पुण्यास जावे लागले. माणदेशाचा आवाज पुण्यात ध्वनिमुद्रित व्हायचा आणि पुण्याहून माणदेशात परत यायचा.

ग्रामीण श्रोत्यांसाठी आकाशवाणीने केलेल्या प्रयत्नांत १९५६ मधील 'रेडिओ ग्रामीण मंच' या प्रयोगाचा उल्लेख करावा लागेल. युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्रावरून झालेल्या या प्रयोगात पाच मराठी भाषक जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत श्रोतृगट स्थापन करण्यात आले. आठवड्यातून दोन याप्रमाणे वीस कार्यक्रम प्रसारित झाले. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपल्या शंका केंद्राकडे पाठवीत. ऐकणाऱ्याला उलट बोलता आले पाहिजे, ही जाणीव या प्रयोगात स्पष्ट दिसते. पुढे ही योजना देशभर राबवण्यात आली. मात्र यातही श्रोत्याचा प्रश्न पत्राने जायचा आणि उत्तर केंद्रावरच्या तज्ज्ञाच्या आवाजात यायचे. ध्वनिक्षेपक गावात आला नव्हता.

भाषेच्या अंगाने पाहता आकाशवाणीने स्थूलमानाने दोन प्रकारची मराठी वापरली. बातम्या, व्याख्याने व निवेदने यांसाठी प्रमाण मराठी आणि ग्रामीण कार्यक्रमांतील संवादांसाठी कलावंतांनी रंगवलेली 'ग्रामीण' मराठी. दुसऱ्या प्रकारात लोकप्रियता होती, जिव्हाळाही होता. परंतु ती कोणत्याही एका गावाची बोली नव्हती. सर्व जिल्ह्यांत समजावी म्हणून ती जाणीवपूर्वक सर्वसाधारण केलेली असे. विस्तृत क्षेत्रासाठी प्रक्षेपण करणाऱ्या केंद्राला याहून वेगळे करणेही अवघड होते.

३. ध्वनिलहरी कोणाच्या?

लहान क्षेत्रासाठी लहान केंद्र असावे, हा विचार आकाशवाणीनेही केला होता. तमिळनाडूतील नागरकोइल येथे १९८४ मध्ये आकाशवाणीचे पहिले स्थानिक केंद्र सुरू झाले. त्यानंतर सातारा, अहमदनगर, बीड अशा जिल्ह्याच्या गावांतही स्थानिक केंद्रे आली. तथापि ही केंद्रे सरकारचीच होती. लोकांच्या संस्थेने स्वतः केंद्र चालवावे, अशी तरतूद कायद्यात नव्हती.

या परिस्थितीला कलाटणी मिळाली ती क्रिकेटच्या एका वादातून. सामन्यांच्या दूरचित्रवाणी प्रक्षेपणाचे हक्क कोणाकडे असावेत, यावरून केंद्र सरकार आणि बंगालची क्रिकेट संघटना यांच्यात खटला उभा राहिला. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर निकाल दिला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचा समावेश असलेल्या खंडपीठाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून तिचा वापर लोकहितासाठी झाला पाहिजे, असे तत्त्व मांडले. सरकारची मक्तेदारी न्यायालयाने मान्य केली नाही. त्याचप्रमाणे या लहरी खासगी भांडवलाच्या हाती मोकळ्या सोडाव्यात, असेही म्हटले नाही.

प्रत्यक्षात मात्र आधी मार्ग मोकळा झाला तो व्यापारी एफ. एम. केंद्रांचा. २००१ पासून मोठ्या शहरांत ती सुरू झाली. जाहिरातीवर चालणाऱ्या केंद्राला दुष्काळी तालुक्यात येण्याचे काही कारण नव्हते. दुसरीकडे लोकांच्या संस्थांना परवाना मिळावा, यासाठी प्रयत्न चालू होते. सन २००० मध्ये आंध्र प्रदेशातील (आताच्या तेलंगणातील) पस्तापूर येथे झालेल्या बैठकीत सरकारी व व्यापारी रेडिओबरोबर लोकांचा असा तिसरा प्रकार मान्य करावा, अशी मागणी करण्यात आली. डिसेंबर २००२ मध्ये केवळ शैक्षणिक संस्थांना परवानगी मिळाली आणि १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र सुरू झाले. स्वयंसेवी संस्थांसाठी दार उघडले ते २००६ च्या अखेरीस जाहीर झालेल्या धोरणाने.

या धोरणातील काही अटी आपल्या विषयाशी थेट संबंधित आहेत. परवाना मागणारी संस्था नफा न कमावणारी असावी आणि तिने किमान तीन वर्षे त्या समुदायात काम केलेले असावे. प्रक्षेपणाची परिणामी शक्ती सर्वसाधारणपणे १०० वॅटपर्यंत आणि मनोऱ्याची उंची ३० मीटरपर्यंत असावी. किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून तयार व्हावेत आणि ते शक्यतो स्थानिक भाषेत व बोलीत असावेत. बोलीचा असा स्पष्ट उल्लेख प्रक्षेपणविषयक धोरणात होणे, ही भाषेच्या अभ्यासकाने नोंद घ्यावी अशी गोष्ट आहे.

या धोरणानुसार स्वयंसेवी संस्थेचे पहिले केंद्र १५ ऑक्टोबर २००८ रोजी तत्कालीन मेदक जिल्ह्यात 'संघम रेडिओ' या नावाने सुरू झाले. ते चालवणाऱ्या स्त्रिया दलित समाजातील होत्या आणि त्यांनी परवान्याची वाट पाहत अनेक वर्षे ध्वनिमुद्रणाचा सराव केला होता. त्याच वर्षी म्हसवडलाही केंद्र आले.

४. माणदेश : प्रदेश आणि बोली

माणगंगा नदीच्या खोऱ्यातील आणि त्यालगतच्या अवर्षणप्रवण भागास 'माणदेश' म्हणतात. साताऱ्यातील माण व खटाव, सांगलीतील आटपाडी व जत, सोलापुरातील सांगोला हे तालुके सामान्यतः त्यात धरले जातात. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्यामुळे येथे पाऊस कमी आणि बेभरवशाचा. ज्वारी-बाजरीची कोरडवाहू शेती, मेंढपाळी, खिलार जनावरे आणि दुष्काळात घर सोडून जगायला जाणे, हे येथील जीवनाचे जुने घटक होत. म्हसवड हे माणगंगेकाठचे, सिद्धनाथाच्या देवस्थानामुळे आणि यात्रेमुळे परिचित असलेले नगरपालिकेचे गाव आहे.

मराठी साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रदेश अपरिचित नाही. माडगूळकर बंधूंचे माडगूळ आणि 'तराळ अंतराळ' लिहिणाऱ्या शंकरराव खरातांचे आटपाडी याच परिसरात आहे. म्हणजे माणदेशी बोली ग्रंथांत पोहोचली होती. परंतु ग्रंथात ती कथनाच्या प्रमाण मराठीच्या चौकटीत, पात्रांच्या संवादांपुरती आली.

या बोलीची काही वैशिष्ट्ये दक्षिण महाराष्ट्राच्या ग्रामीण मराठीशी समान आहेत. 'ण'च्या जागी 'न' येतो (पानी, आनि). 'आहे'चे 'हाय', 'होते'चे 'हुतं' होते. 'व्याज'चे 'याज', 'विहीर'चे 'हीर' होते. क्रियापदाच्या अंती 'करतुया', 'चाललंय' अशी रूपे आढळतात. याहून महत्त्वाचा आहे तो शब्दसंग्रह. जनावरांच्या वयानुसार कालवड, खोंड. वैरणीच्या प्रकारानुसार कडबा, बाटूक. अवजारांत कुळव, पाभर. एकमेकांच्या शेतात मिळून करायच्या कामासाठी इर्जिक. हे शब्द म्हणजे त्या जीवनाचे ज्ञान होय. 'चारा' या एका प्रमाण शब्दाने कडबा आणि बाटूक यांतला फरक सांगता येत नाही. आणि दुष्काळात जनावर वाचवताना तो फरक माहीत असणे आवश्यक असते.

५. केंद्राची स्थापना : बँकेपासून रेडिओपर्यंत

म्हसवडच्या रेडिओची सुरुवात समजून घेण्यासाठी त्याआधीच्या एका संस्थेकडे वळावे लागते. मुंबईत वाढलेल्या आणि जयप्रकाश नारायण यांच्या चळवळीच्या प्रभावातून सामाजिक कामाकडे आलेल्या चेतना गाला सिन्हा विवाहानंतर म्हसवडला स्थायिक झाल्या. रस्त्याकडेला लोहारकाम करणाऱ्या एका स्त्रीला पावसाळ्यापूर्वी घरावर घालायला कागद घेता यावा म्हणून रोज थोडी रक्कम साठवायची होती. पण रक्कम फारच लहान असल्यामुळे बँका तिचे खाते उघडीनात. या अनुभवातून स्त्रियांची स्वतःची सहकारी बँक काढण्याचा विचार पुढे आला.

बँकेच्या परवान्यासाठी केलेला पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला. प्रवर्तक स्त्रियांपैकी अनेकींनी सहीच्या जागी अंगठे उठवले होते, हे त्यामागील कारण होते. स्त्रियांनी साक्षरतेचे वर्ग सुरू केले आणि काही महिन्यांनी त्या पुन्हा मुंबईस गेल्या. आम्हाला वाचता येत नसले तरी व्याजाचा हिशेब तोंडी करता येतो, हे त्यांनी अधिकाऱ्यांना दाखवून दिले. १९९७ मध्ये 'माणदेशी महिला सहकारी बँक' सुरू झाली.

रेडिओच्या दृष्टीने या प्रसंगाला विशेष अर्थ आहे. आपल्या व्यवस्थेत ज्ञान आणि साक्षरता या गोष्टी एकच मानल्या जातात. अंगठा उठवणाऱ्या व्यक्तीला काही येत नाही, असे गृहीत धरले जाते. म्हसवडच्या स्त्रियांकडे हिशेब होता, अनुभव होता, गाणी होती. अभाव होता तो फक्त लेखनाचा. अशा समाजापर्यंत माहिती पोहोचवायची तर पत्रके आणि पुस्तिका अपुऱ्या पडतात. बचत, कर्ज, विमा, आरोग्य, सरकारी योजना यांविषयी स्त्रियांशी बोलायचे आणि त्यांनाही बोलू द्यायचे, तर आवाजाचेच माध्यम हवे होते. २००६ च्या धोरणाने ते शक्य झाले आणि २००८ मध्ये 'माणदेशी तरंग वाहिनी' ऐकू येऊ लागली.

अशा केंद्राचा पल्ला सामान्यतः दहा-पंधरा किलोमीटर असतो. एफ. एम. लहरी सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की आवाज तुटतो. त्यामुळे टेकडीपलीकडच्या वाडीला जे ऐकू येत नाही, ते दूरच्या उघड्या माळावर स्पष्ट ऐकू येऊ शकते. या मर्यादेचा एक लाभही आहे. बोलणारा आणि ऐकणारा एकाच बाजाराचे, एकाच यात्रेचे, एकाच पावसाची वाट पाहणारे असतात. 'आपल्या ओढ्याला पानी आलं' हे वाक्य अशा केंद्रावर निरर्थक ठरत नाही. पुण्याच्या केंद्रावर ते उच्चारताच कोणता ओढा, हे सांगावे लागेल.

६. श्राव्य भाषेचे स्वरूप

रेडिओच्या श्रोत्याला मागचे पान उलटता येत नाही. एकदा निसटलेले वाक्य निसटलेलेच. शिवाय तो बहुधा दुसरे काम करता करता ऐकत असतो. त्यामुळे श्राव्य भाषेला काही गुण आवश्यक असतात : लहान वाक्य, कर्ता स्पष्ट, महत्त्वाच्या गोष्टीची पुनरुक्ती आणि एका वाक्यात एकच मुद्दा. हे समजण्यासाठी अभ्यासाकरिता रचलेले एक उदाहरण घेऊ. एकच आशय तीन प्रकारे पुढे दिला आहे.

(अ) कर्जदाराने हप्त्याची परतफेड विहित मुदतीत न केल्यास थकीत रकमेवर दंडव्याज आकारण्यात येईल.

(आ) हप्ता ठरलेल्या तारखेला भरा. तारीख चुकली, तर राहिलेल्या पैशावर जादा व्याज द्यावे लागते.

(इ) हप्ता तारखेला भरायचा बगा. न्हाय भरला, तर ऱ्हायलेल्या पैशावर आनखी याज चडतंय. मंग तारीख ध्यानात ठेवायची.

(अ) हे लेखी प्रमाण मराठीचे कार्यालयीन रूप आहे. त्यात नामांची दाटी आहे, क्रिया कर्मणी आहे आणि व्याज कोण आकारणार हे सांगितलेलेच नाही. (आ) मध्ये प्रमाण मराठीच आहे, पण ती बोलण्याच्या वळणाची आहे. (इ) मध्ये बोली आहे. त्यात 'बगा' या शब्दाने श्रोत्याला संबोधले जाते, व्याज 'चडतंय' असे म्हटल्याने ते दिवसागणिक वाढत असल्याचे चित्र उभे राहते आणि अखेरच्या वाक्यात मुख्य मुद्दा पुन्हा येतो. (अ) आणि (इ) यांतील माहिती एकच आहे. मात्र (इ) ऐकणारी स्त्री शेजारणीला तेच वाक्य जसेच्या तसे सांगू शकते. (अ) ऐकणाऱ्या स्त्रीला आधी कोणाकडून तरी त्याचा अर्थ विचारावा लागतो. बोलीचा प्रश्न हा केवळ अस्मितेचा नसून व्यवहारातील स्वावलंबनाचाही कसा आहे, हे यावरून ध्यानात यावे.

७. मौखिक परंपरा आणि ध्वनिक्षेपक

स्थानिक रेडिओचे दुसरे महत्त्वाचे कार्य म्हणजे लोकगीतांचे प्रसारण. माणदेशात ओवीचे दोन ठळक प्रकार आढळतात. एक, स्त्रियांची जात्यावरची ओवी. आणि दुसरा, देवदेवतांच्या व पूर्वजांच्या कथा गाणारी धनगरी ओवी. दोन्हींचा ऐकणारा समाज आणि गाण्याचा प्रसंग वेगवेगळा आहे.

जात्यावरची ओवी पहाटे, दळताना, स्वतःसाठी किंवा समोर बसलेल्या दुसऱ्या स्त्रीसाठी गायिली जाते. माहेर, भाऊ, लेक, विठ्ठल, सासरचा जाच हे तिचे विषय. विजेची गिरणी आल्यावर दळण थांबले आणि ओवी गाण्याचा नित्याचा प्रसंगही संपला. आज ती वयस्क स्त्रियांच्या स्मरणात आहे. गी पॉइटेव्हिन आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील गावोगावी एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या आहेत. त्यावरून या परंपरेच्या विस्ताराची कल्पना येते.

अशी ओवी रेडिओवर येते तेव्हा तिच्यात काय बदलते? पहिला बदल श्रोत्याचा. एकांतात गायिलेले दुःख आता गावाने, प्रसंगी सासरच्या माणसांनीही ऐकायचे असते. कोणती ओवी म्हणायची आणि कोणती मागे ठेवायची, याची निवड गायिकेला करावी लागते. दुसरा बदल लयीचा. जात्याची घरघर आणि हाताची ओढ नसल्यामुळे लय गळ्यानेच सांभाळावी लागते. तिसरा बदल वेळेचा. दळण संपेपर्यंत चालणारी ओवी ठरावीक मिनिटांत बसवावी लागते. या बदलांमुळे ओवीचे मूळ रूप काहीसे हरवते, हे मान्य केले पाहिजे. परंतु गिरणीने तिचा प्रसंगच काढून घेतल्यानंतर ध्वनिक्षेपकाने तिला नवा प्रसंग दिला, हेही तितकेच खरे. लिहिता-वाचता न येणारी स्त्री या प्रसंगी गायिका आणि रचनाकार म्हणून स्वतःच्या नावानिशी ओळखली जाते. जात्यावर तिच्या ओवीला हे नाव क्वचितच मिळाले असते.

८. मर्यादा आणि प्रश्न

स्थानिक रेडिओचे केवळ गुणगान केल्यास अभ्यास अपुरा राहील. पुढील चार मर्यादांचा विचार करावा.

(१) बातम्यांवरील बंधन : सामुदायिक केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्यास अनुमती नाही, आकाशवाणीच्या बातम्या पुनःप्रक्षेपित करता येतात. हवामान, पाणी व विजेचा पुरवठा, नैसर्गिक आपत्ती, स्थानिक कार्यक्रम यांची माहिती देता येते. म्हणजे टँकर कधी येणार हे सांगता येते. पण टँकर का आला नाही, याचा शोध घेऊन वार्ता देणे अडचणीचे ठरते. दुष्काळी तालुक्यात ही सीमारेषा किती नाजूक आहे, हे सांगायला नको.

(२) अर्थकारण : २००६ च्या धोरणात तासाला पाच मिनिटांच्या जाहिरातींची मुभा होती, पुढे ती मर्यादा वाढवण्यात आली. तथापि लहान गावात जाहिरातदारच थोडे. त्यामुळे अशी केंद्रे चालक संस्थेवर आणि अनुदानित मोहिमांवर अवलंबून राहतात. म्हसवडच्या केंद्रामागे बँकेच्या कामातून उभी राहिलेली संस्था आहे, हे त्याच्या टिकाऊपणाचे एक कारण मानता येईल. पण जी संस्था केंद्र चालवते, तिच्याविषयीची टीका त्याच केंद्रावर कितपत ऐकू येईल, हा प्रश्न सर्वच सामुदायिक केंद्रांबाबत विचारला पाहिजे.

(३) अनुकरणाचा मोह : शहरी एफ. एम.वरील वेगवान, इंग्रजी-हिंदीमिश्रित निवेदनाचे आकर्षण तरुण निवेदकांना असणे स्वाभाविक आहे. दुसऱ्या बाजूने, ध्वनिक्षेपकासमोर बसताच 'शुद्ध' बोलण्याचा प्रयत्न करण्याची सवय शाळेने लावलेली असते. दोन्हींमुळे बोली मागे सरते. धोरणात बोलीचा उल्लेख असला, तरी निवेदकाच्या मनातील संकोच धोरणाने जात नाही.

(४) जतनाचा प्रश्न : प्रसारित कार्यक्रम तीन महिने जपून ठेवावेत, एवढेच बंधन नियमांनी घातले आहे. त्यानंतर काय, हे प्रत्येक केंद्राच्या साधनांवर आणि इच्छेवर सोपवलेले आहे. साठवणुकीची जागा अपुरी पडली की जुने ध्वनिमुद्रण पुसले जाऊ शकते. एखाद्या वृद्ध स्त्रीची ओवी, एखाद्या मेंढपाळाने सांगितलेली वाटांची नावे, वैरणीचे शब्द हे सारे ग्रंथालयात नाही. ते पुसले गेले, तर दुसरी प्रत कोठेही नसते. मराठीच्या अभ्यासकाची जबाबदारी येथे सुरू होते. छापील पुस्तकाची प्रत जपण्याची व्यवस्था समाजाने केली आहे. बोललेल्या मराठीच्या प्रती जपण्याची व्यवस्था अद्याप उभी करायची आहे.

९. सारांश

१९२७ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या प्रक्षेपणाचा प्रवास महानगर, विभागीय शहर, जिल्ह्याचे गाव आणि अखेर तालुक्यातील गाव असा झाला. या प्रवासात केवळ यंत्र गावाजवळ आले नाही. बोलणारी व्यक्ती बदलली. आकाशवाणीच्या काळात माणदेश हा प्रामुख्याने श्रोता आणि विषय होता. १९९५ चा न्यायालयीन निकाल, २००६ चे धोरण आणि म्हसवडमध्ये स्त्रियांच्या संघटनातून उभी राहिलेली संस्था या तिन्हींच्या मिलाफातून २००८ मध्ये तो वक्ता झाला. त्यामुळे बोलीला माहिती देणारी, हिशेब सांगणारी आणि ज्ञान बाळगणारी भाषा म्हणून स्थान मिळाले. बातम्यांवरील बंधन, तुटपुंजे अर्थबळ, अनुकरणाचा मोह आणि जतनाचा अभाव या तिच्यासमोरील अडचणी आहेत.

१०. पारिभाषिक संज्ञा

प्रक्षेपण : ध्वनी विद्युतचुंबकीय लहरींच्या रूपाने सर्वदूर पाठवणे.
सामुदायिक रेडिओ : विशिष्ट परिसरातील समुदायासाठी, त्याच्या सहभागाने, नफ्याच्या हेतूविना चालवलेले रेडिओ केंद्र.
श्राव्य भाषा : केवळ ऐकून समजावी अशा रीतीने रचलेली भाषा.
श्रोतृगट : एकत्र बसून कार्यक्रम ऐकणारा व त्यावर चर्चा करणारा गट.
इर्जिक : शेतकऱ्यांनी परस्परांच्या शेतात मिळून काम करण्याची रीत.

११. स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

(अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. पुणे आकाशवाणी केंद्र कधी सुरू झाले?
२. 'माणदेशी तरंग वाहिनी' कोणत्या कंपनसंख्येवर ऐकू येते?
३. भारतातील स्वयंसेवी संस्थेचे पहिले सामुदायिक रेडिओ केंद्र कोणते?
४. प्रसारित कार्यक्रम किती काळ जतन करणे बंधनकारक आहे?

उत्तरे : १. २ ऑक्टोबर १९५३ रोजी. २. ९०.४ मेगाहर्ट्झ. ३. संघम रेडिओ. ४. तीन महिने.

(आ) थोडक्यात उत्तरे लिहा.
१. १९५६ च्या 'रेडिओ ग्रामीण मंच' प्रयोगाचे महत्त्व व मर्यादा स्पष्ट करा.
२. १९९५ च्या न्यायालयीन निकालातील तत्त्व आपल्या शब्दांत मांडा.
३. जात्यावरची ओवी रेडिओवर येताना तिच्यात कोणते बदल होतात?

(इ) सविस्तर उत्तर लिहा.
१. 'स्थानिक रेडिओमुळे बोलीला ज्ञानभाषेचे स्थान मिळू शकते.' या विधानाची माणदेशी तरंग वाहिनीच्या आधारे चर्चा करा.

१२. उपक्रम

१. आपल्या ग्रामपंचायतीची, बँकेची किंवा वीज कार्यालयाची एखादी लेखी सूचना घ्या. या घटकातील उदाहरणाप्रमाणे तिचे आधी श्राव्य प्रमाण मराठीत आणि नंतर आपल्या घरच्या बोलीत रूपांतर करा. तिसरे रूप घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीस वाचून दाखवा आणि त्यांनी सुचवलेले बदल नोंदवा.

२. आपल्या परिसरातील एका वृद्ध व्यक्तीशी शेती, जनावरे, स्वयंपाक किंवा सण यांपैकी एका विषयावर बोला. त्यांची संमती घेऊन मोबाइलवर दहा मिनिटांचे ध्वनिमुद्रण करा. त्यातील आपल्याला अपरिचित असलेले शब्द अर्थासह लिहून काढा. मुद्रणाची एक प्रत त्या कुटुंबाकडे द्या आणि दुसरी आपल्या अभ्यासकेंद्रात जमा करा.